फोरहँडमधे हात सरळ, वाकडा की मनगटाचा झटका? साताऱ्याहून थोडं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे, की वय ३४, सांगलीत ३ वर्षं टेनिस चाललंय, त्याआधी शाळेपासून फक्त क्रिकेट, आणि गेले दोन महिने फोरहँडवर, म्हणजे उजव्या बाजूच्या फटक्यावर, प्रयोग करताय. आधी टेनिसपटू अल्काराझसारखा हात सरळ ठेवून बघितला, मग व्हिडिओ बघून रॅकेट मागे पाडायची आणि बॉल आला की मनगट जोरात झटकायचं असं सुरू केलं, आता दहातले चार बॉल मागच्या जाळीवर जातायत, तीन नेटमधे, आणि वर करंगळीच्या बाजूने मनगट दुखायला लागलंय. विचारलंय ते असं की प्रयोग चालू ठेवू का जुन्या फोरहँडवर परत जाऊ, आणि हात नक्की ठेवायचा कसा.

आधी दुखण्याचं बोलू, बाकी सगळं नंतर करता येतं. करंगळीच्या बाजूने दुखतंय आणि दार उघडताना किंवा ओला टॉवेल पिळताना कळ येत असेल तर फोरहँड आजपासून बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, क्रेप बँडेज बांधून खेळत राहू नका. त्या बाजूला एक स्नायूची दोरी जाते आणि आत एक छोटी कूर्चा आहे, मनगट पुन्हापुन्हा झटकून वळवलं की दोन्ही ठिकाणी त्रास होऊ शकतो. खेळाडूंच्या मनगटांचा जो अभ्यास झालाय त्यात दिसलंय की ईस्टर्न ग्रिपवाल्यांना (ग्रिप म्हणजे हँडल पकडायची पद्धत, प्रकार पुढे सांगतो) अंगठ्याच्या बाजूने त्रास जास्त होतो आणि सेमी-वेस्टर्न, वेस्टर्नवाल्यांना करंगळीच्या बाजूने, म्हणजे तुमची ग्रिप कुठली असेल याचा अंदाज मला इथे बसून येतोय. डॉमिनिक थीम २०२० ला यूएस ओपन जिंकला, जून २०२१ मधे मायोर्काला एक फोरहँड मारताना उजवं मनगट गेलं, त्यानंतर तो जुना थीम परत दिसलाच नाही आणि २०२४ ला त्याने खेळणं सोडलं. डेल पोत्रोने २००९ ला यूएस ओपन जिंकली आणि २०१० मधे उजव्या मनगटाचं ऑपरेशन करावं लागलं. त्यांच्यामागे फिजिओंची फौज होती राव, आपल्याला सोमवारी सकाळी कामावर जायचं असतं.

आता मुद्द्याचं. प्रयोग सोडू नका. ३४ हे काही हात बदलू नये असं वय नाही, माझ्याकडे ५० च्या पुढचे दोघेजण ग्रिप बदलून आज आनंदाने खेळतायत. पण तुम्ही प्रयोग उलट्या टोकाकडून सुरू केलाय असं मला वाटतं. हात मागे कसा नेला, रॅकेट कशी पडली, हे व्हिडिओत सगळ्यात देखणं दिसतं म्हणून आपण तिथून सुरुवात करतो. मी गेली २८ वर्षं साताऱ्यात खेळतोय, त्यातली १९ वर्षं शिकवतोय, आणि माझी खात्री झालीय की फोरहँडच्या हाताचा विचार बॉल जिथे लागतो तिथून सुरू करायचा आणि मग मागे मागे जायचं. बॉल लागण्याची जागा ग्रिप ठरवते, त्या जागेवरून कोपर सरळ की वाकडं ते ठरतं, आणि मनगटाला शेवटी वेगळं काही काम उरतच नाही. त्याला फक्त सैल राहायचं असतं.

मनगटाचंच आधी घेतो कारण तुमचं सगळं गाडं तिथे अडलंय, आणि दोष तुमच्या क्रिकेटचा आहे. आपल्याकडे सगळे टेनिस बॉल क्रिकेट खेळून मोठे झालेत, पुल मारताना खालचा हात वरून फिरवायचा, बॉल जमिनीलगत ठेवायचा, ही सवय हाडात मुरलेली असते. टेनिसमधे आल्यावर कोणीतरी सांगतं टॉपस्पिन दे, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी दे, की लगेच तोच हात बॉलवरून गुंडाळला जातो. मलाही सुरुवातीला शिकवणाऱ्यांनी हेच सांगितलेलं, बॉलवरून रॅकेट फिरव म्हणून, आणि माझी त्यात चार वर्षं गेली. बॉल तारांवर किती वेळ असतो माहितीये? साधारण ४ ते ५ मिलिसेकंद. सेकंदाचे हजार भाग करा आणि त्यातले चार-पाच घ्या. एवढ्यात बॉलवरून काही फिरवून होत नाही. बॉल लागतो तेव्हा रॅकेटचा चेहरा, म्हणजे तारांची बाजू, जवळजवळ उभाच असतो, अगदी किंचित पुढे झुकलेला, आणि स्पिन येतो तो रॅकेट खालून वर जात असल्यामुळे. ते जे गाडीच्या वायपरसारखं रॅकेट फिरताना दिसतं ते बॉल गेल्यावर पूर्ण होतं, आणि तेही मुख्यतः खांद्यातून दंड आत वळल्यामुळे होतं, मनगटामुळे नाही.

हिशोब करून बघा. समजा मनगट झटकताना रॅकेटचा चेहरा सेकंदाला १००० अंशांच्या वेगाने वळतोय. तुमचं टायमिंग फक्त ५ मिलिसेकंदांनी चुकलं तरी चेहरा ५ अंश इकडे नाहीतर तिकडे. आणि बॉलची दिशा नुसती १ अंशाने बदलली तरी या बेसलाइनपासून (कोर्टच्या मागच्या टोकाची रेषा) त्या बेसलाइनपर्यंत, म्हणजे २३.७७ मीटरमधे, ४१ सेंटिमीटरचा फरक पडतो. चेहरा उघडा राहिला की मागची जाळी, बंद झाला की नेट. तुमचे चार जाळीवर आणि तीन नेटमधे हे दोन वेगवेगळे दोष नाहीयेत, एकच झटका आहे जो कधी लवकर पडतो कधी उशिरा.

मग व्हिडिओत ते मनगट मागे पडलेलं दिसतं ते काय? ते खरंच पडतं, पण कोणी पाडत नाही. माझ्या मामांची खटाव तालुक्यात शेती, लहानपणी शाळू पोटरीतून बाहेर पडला की आम्हा पोरांना माळ्यावर पाखरं राखायला बसवायचे आणि हातात गोफण द्यायचे. ज्याने गोफण चालवलीय त्याला फोरहँड समजवायला मला दहा मिनिटं लागतात. गोफणीत हात पुढे निघतो, दगड मागे राहतो, दोरी ताणली जाते, आणि शेवटी हात जरासा थांबतो तेव्हा दगड त्याला ओलांडून पुढे येतो. दगडाला कोणी ढकलत नाही. हाताने घाई केली, शेवटी बोटांनी जोर लावला, तर दगड शेजारच्या वावरात. रॅकेटचं डोकं म्हणजे तो दगड आणि सैल मनगट म्हणजे दोरी. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, खांदा वळतो, हँडल पुढे ओढलं जातं, रॅकेटचं डोकं स्वतःच्या वजनाने मागे राहतं आणि म्हणून मनगट मागे झुकतं. बॉलच्या जरा आधी पंजाचा वेग कमी होतो आणि डोकं फिरून पुढे येतं. तुम्ही मात्र मनगट आधीच मुद्दाम मागे वाकवून घट्ट धरताय आणि मग मुद्दाम पुढे मारताय, म्हणजे दोरीच्या जागी काठी बांधलीत आणि ती मोडायला निघालात.

घरी एक करून बघा, मनगट बरं झाल्यावर. पंचाच्या टोकाला घट्ट गाठ मारा आणि दुसरं टोक पंजात धरून फोरहँडसारखा हात फिरवा. गाठ शेवटी पुढे येऊन हवेत फट् असा आवाज झाला पाहिजे, आणि तो आवाज तुमच्या अंगाच्या पुढे उजवीकडे झाला पाहिजे, मागे नाही. हाताने जोर केला तर आवाजच येत नाही. कमरेपासून सुरू केलं आणि दंड सैल ठेवला की येतो. माझ्या बॅचमधली पोरं पावसाळ्यात हेच करतात कारण जून ते सप्टेंबर आमचं मातीचं कोर्ट नुसता चिखल असतं, आणि पावसाळा संपून कोर्टवर आल्यावर त्यांचे हात आधीपेक्षा मोकळे असतात हे मी दरवर्षी बघतोय.

किंवा कधी साताऱ्याकडे आलात तर संगम माहुलीला नदीवर जा, उन्हाळ्यात पाणी संथ असतं तेव्हा, आणि चपटा दगड तिरका फेकून पाण्यावर टप्पे काढा. तो हात बघा. कोपर आधी पुढे येतं, तळवा वरच्या बाजूला उघडतो, मग पंजा, मग दगड सुटतो. हे करताना कोणीही मनगटाचा विचार करत नाही.

आता ग्रिपवर येऊ, कारण हाताचा पुढचा सगळा आकार इथे ठरतो आणि लोक याच्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात. रॅकेटच्या हँडलला आठ पैलू असतात, आपण त्यांना बेव्हल म्हणतो. रॅकेट उभी धरली, म्हणजे फ्रेमची कड जमिनीकडे, की सगळ्यात वरचा सपाट पैलू तो १, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याने घड्याळाच्या दिशेने मोजत जायचं. तर्जनीच्या मुळाचं हाड २ वर असेल तर कॉन्टिनेन्टल, ३ वर ईस्टर्न, ४ वर सेमी-वेस्टर्न, ५ वर म्हणजे अगदी खाली आलं की वेस्टर्न. फेडरर ईस्टर्नच्या आसपास, नदाल सेमी-वेस्टर्न, जोकोविच त्याच्याही थोडा पुढे. ग्रिप जितकी खाली सरकेल तितका बॉल अंगाच्या जास्त पुढे आणि जास्त उंचीवर घ्यावा लागतो, आणि कमी उंचीचे बॉल तितकेच अवघड होतात. आपल्याकडच्या मातीच्या कोर्टवर, जुन्या बॉलने, समोर साठीतले काका स्लाइस करतायत, म्हणजे बॉल कापून खाली ठेवतायत, तिथे बहुतेक बॉल गुडघा ते कंबर एवढेच उठतात. तिथे ५ नंबरची ग्रिप घेऊन काय करणार? मोठेपणी टेनिस सुरू केलेल्या माणसाला मी ३ आणि ४ च्या मधेच ठेवतो. ४ च्या पलीकडे जायचं असेल तर तसं ठोस कारण पाहिजे, आणि व्हिडिओ आवडला हे कारण होत नाही.

ग्रिप ठरली की तिची बॉल घेण्याची जागा शोधायची, आणि ती शोधायला बॉल लागतच नाही. कोर्टच्या कुंपणाचा लोखंडी खांब असतो ना, त्याच्यासमोर फोरहँडच्या पवित्र्यात उभे राहा आणि तारा खांबाला टेकवून हळूहळू रेटा द्या. आधी खांब मागच्या पायासमोर येईल असं उभं राहून, मग थोडं मागे सरकून, मग अजून मागे, म्हणजे खांब दरवेळी अंगाच्या जास्त पुढे येईल. कधी पंजा वळतो, कधी कोपर लचकतं, आणि एका जागी असं वाटतं की पाठीपासून तळव्यापर्यंत सगळं अंग खांबाच्या मागे उभं आहे आणि हवा तेवढा रेटा देता येतोय. ती तुमच्या ग्रिपची जागा. तिथे थांबून स्वतःच्या हाताकडे नीट बघा. मनगट मागे झुकलेलं असेल, रॅकेटचं डोकं साधारण पंजाच्या उंचीला किंवा थोडं खाली, चेहरा नेटकडे. बॉल लागताना मनगट असंच पाहिजे. ग्रिप ३ वरून ४ वर नेलीत की तीच जागा एक वीतभर पुढे गेलेली जाणवेल, नक्की करून बघा, शंभर लेक्चरांपेक्षा हा खांब चांगला शिकवतो. मनगट अजून दुखत असेल तर मात्र हेही नको.

सरळ हात की वाकडा, हा प्रश्न आता सोपा होतो. फेडरर, नदाल, डेल पोत्रो, अल्काराझ यांचा हात बॉल लागताना जवळपास सरळ असतो. जोकोविच आणि आगासी यांचं कोपर वाकलेलं आणि मनगट मागे झुकलेलं, याला डबल बेंड म्हणतात. दोन्ही पद्धतीने लोक सगळं जिंकलेत, त्यामुळे श्रेष्ठ कोण हा वाद इथे नको. फरक एवढाच की हात सरळ झाला की खांद्यापासून रॅकेटच्या टोकापर्यंतची लांबी वाढते, खांदा त्याच वेगाने वळला तरी टोकाला वेग जास्त मिळतो. पण लांब वस्तू फिरायला सुरू व्हायलाही वेळ घेते, बॉल अंगापासून लांब आणि बराच पुढे घ्यावा लागतो, म्हणजे तयारी लवकर, पाय लवकर, सगळंच लवकर. बॉल अंगावर आला की सरळ हाताची वाट लागते. आणि अजून एक जे व्हिडिओत पटकन कळत नाही, फेडररचा हात मागे नेताना सरळ नव्हताच, कोपर वाकलेलं असायचं, रॅकेट खाली पडून पुढे निघताना ते सरळ व्हायचं. म्हणजे हात सुटत होता म्हणून सरळ होत होता. तुम्ही तो सुरुवातीपासून कुलूप लावल्यासारखा सरळ ठेवलात ना? तिथेच दंड आवळला जातो आणि गोफण संपते.

माझा सल्ला, तुमच्यासाठी, ३४ वर्षं, आठवड्याला तीन दिवस खेळ: कोपर आरामात वाकलेलं ठेवा, बरगड्यांपासून एक वीतभर लांब, आणि सरळ होण्याची जबरदस्ती करू नका. वर्षभराने पाय वेळेवर पोचायला लागले की काही बॉलवर हात आपोआप लांब होताना दिसेल. माझा तसाच झाला, आणि तो झालाय हे मला विद्यार्थ्याने काढलेल्या व्हिडिओत बघून कळलं.

पकडीचा दाब हा विषय मला फार जवळचा आहे. जुन्या क्लबात आमचे एक मार्कर (क्लबात मेंबरांना खेळवणारा माणूस) होते, शिकलेले फारसे नव्हते पण हात सोन्याचा, ते मला रोज एकच सांगायचे, साहेब, रॅकेट पळून जात नाही, एवढी आवळू नका. मला वाटायचं घट्ट धरल्याशिवाय जोर कसा येणार. नंतर समजलं की बॉल तारांवरून निघून जातो तेव्हा पंजाला तो लागल्याचं कळलेलंही नसतं, त्यामुळे बॉल लागायच्या क्षणी आवळून बॉलला वेग काही मिळत नाही, मिळतो तो रॅकेटच्या डोक्याच्या वेगातून. उलट पंजा आवळला की आधी कोपरापर्यंतचा हात कडक होतो, मग दंड, मग खांदा, आणि दोरीची काठी होते. अगदी घट्ट म्हणजे १० धरलं तर रॅली चालू असताना ३ किंवा ४ वर राहा. बॉल लागताना पंजा स्वतःहून हवा तेवढा धरतो, ते त्याच्यावर सोडा. बोटं हातोडी धरल्यासारखी एकमेकांना चिकटवू नका, तर्जनी जरा वर सरकवून बाकीच्यांपासून सुटी ठेवा, हँडल तळव्यात तिरपं बसतं आणि चेहऱ्याचा अंदाज बोटाला कळतो.

यात एक साधी गोष्ट लोक विसरतात. ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळलेली पट्टी, झिजून गुळगुळीत झाली की घामेजलेला हात आपोआप जास्त आवळतो, आणि एप्रिल-मेमधे सांगलीत घाम काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तंत्रावर महिनाभर डोकं फोडण्याआधी ओव्हरग्रिप बदला. तसंच गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा. १९९७ ला कुएर्तेनने पॉलिस्टर गटिंगवर फ्रेंच ओपन जिंकली आणि तेव्हापासून जगभर पॉलिस्टर आलं, त्याच्यावर स्पिन चांगला मिळतो हे खरं आहे, पण ते कडक असतं आणि मेलेलं, म्हणजे ताण गेलेलं, पॉलिस्टर हाताला फार वाईट. ते तुटत नाही म्हणून लोक वर्षभर तसंच ठेवतात. दुखऱ्या मनगटाने परत सुरुवात करताना मऊ मल्टिफिलामेंट गटिंग घ्या, ताण ५० पाउंडांच्या आसपास किंवा खाली. मी पुण्याला फेरी असली की दोन रॅकेटींचं गटिंग करून आणतो.

बॉलही बघा. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. डोक्याच्या उंचीवरून सोडा, कमरेपर्यंत यायला हवा. मांडीपर्यंतच येत असेल तर तो बॉल कुत्र्याला द्या. मेलेल्या बॉलने सराव केला की त्याला पुढे न्यायला माणूस हाताने ढकलायला लागतो आणि झटक्याची सवय परत येते. जाता जाता, महाबळेश्वरला खेळायची संधी मिळाली तर तिथे पहिल्या अर्ध्या तासात काहीही बदलू नका. हवा विरळ, बॉल तरंगत लांब जातो, १२१९ मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत बॉलचा वेगळा प्रकारच आहे आणि महाबळेश्वर त्याच्या वर येतं. माझा एक विद्यार्थी तिथे दोन दिवस खेळून ग्रिप बदलून आला होता, त्याला परत आणायला महिना गेला.

डावा हात. याच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. २०१८ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन झाली, जिल सिमोन जिंकला त्या वर्षी, मी सकाळीच साताऱ्याहून निघून गेलो होतो आणि मॅचपेक्षा जास्त वेळ प्रॅक्टिस कोर्टच्या जाळीला चिकटून उभा होतो. टीव्हीवर जे दिसत नाही ते तिथे दिसलं. दोन बॉलच्या मधे रॅकेटचं वजन डाव्या हातात असतं, उजवा पंजा नुसता हँडलवर टेकलेला. बॉल फोरहँडला येतोय दिसलं की डावा हातच रॅकेटचा गळा धरून मागे नेतो, त्याच्यामुळे खांदे वळतात, मग डावा हात बेसलाइनला समांतर उजव्या बाजूकडे लांब होतो. उजव्या हाताला स्वतःहून मागे जायचं कामच उरत नाही. आमच्याकडे उलटं असतं, डावा हात लोंबकळतोय आणि उजवा एकटाच मागे जातोय. तुमच्याकडेही तसंच असणार असं मी धरून चालतो, क्रिकेटमधून आलेल्या जवळजवळ सगळ्यांचं असतं. डाव्या हाताने रॅकेट मागे न्या आणि मारून झाल्यावर डाव्या खांद्यावर परत डाव्याच हातात रॅकेट झेला. तीन आठवडे नुसतं एवढंच केलंत तरी उजवा दंड सैल पडेल.

प्रयोग कसा करायचा तर एका वेळी एकच गोष्ट, आणि ती किमान तीन आठवडे. तुम्ही दोन महिन्यांत ग्रिप, कोपर, मनगट सगळं हलवलंत, आता कशामुळे काय झालं हे कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सर्व्हिस बॉक्समधून (नेटजवळचा चौकोन, त्याची मागची रेषा म्हणजे सर्व्हिस लाइन) सुरू करा, मिनी टेनिस, अंगठा आणि दोन बोटांत रॅकेट धरून, नुसतं डोकं पडतंय आणि फिरतंय हे जाणवेपर्यंत. तिथे झटका देताच येत नाही, बॉल लगेच बाहेर जातो. मग सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनच्या मधे, मग बेसलाइनला. बेसलाइनवरून क्रॉस कोर्ट, म्हणजे तिरके, २० बॉल मारायचे, समोर सर्व्हिस लाइनच्या पलीकडे किती पडले ते वहीत लिहायचं, जोर कितीचा होता ते लिहायचं नाही. सर्व्हिस लाइन ते बेसलाइन जवळपास साडेपाच मीटर जागा आहे, ती छोटी नाही. २० पैकी १२ पडायला लागले की पुढची गोष्ट हातात घ्या.

एक सांगून ठेवतो, पहिल्या दहा दिवसांत तुम्ही जुन्या फोरहँडपेक्षा वाईट खेळाल आणि क्लबातले दोघंतिघं ते बोलूनही दाखवतील. त्या दिवसांत डबल्सच्या मॅचेस लावू नका. मॅचमधे २-४ झाले की हात जुन्या झटक्यावर परत जातो, मग दोन्हीपैकी एकही फोरहँड राहत नाही. मॅच खेळावीच लागली तर त्या दिवशी खुशाल जुनाच फोरहँड मारा, फक्त मनगट न झटकता.

नदालसारखं रॅकेट डोक्यावरून मागे नेणारं फिनिश आत्ता नको. तो बॉलला भरपूर स्पिन द्यायला, आणि पळत असताना किंवा उशीर झाला तरी, तसं मारायचा. आपण उभ्या उभ्या सोप्या बॉलला मारतो आणि बॉल सर्व्हिस लाइनच्या आतच पडतो.

आणि व्हिडिओ काढा, पण नीट. मोबाईलमधे स्लो मोशन २४० फ्रेमचा ठेवा, त्यात एक फ्रेम जवळपास ४ मिलिसेकंदांची होते, म्हणजे बॉल तारांवर असलेली तुम्हाला एकच फ्रेम मिळेल, नशीब असेल तर दोन. मोबाईल कुंपणाच्या जाळीला कमरेच्या उंचीवर बांधा, तुमच्या उजव्या बाजूला, बेसलाइनच्या रेषेत, ऊन मोबाईलच्या पाठीमागून येईल असं. दहा बॉल मारा आणि प्रत्येकाची ती एकच फ्रेम थांबवून बघा. मनगट मागे झुकलेलं आहे का, बॉल पुढच्या पायाच्या पुढे आहे का, डावा हात कुठे आहे, एवढंच बघायचं, बाकी काही बघू नका. त्या दहा फ्रेम एकासारख्या एक दिसत असतील तर बॉल बाहेर गेले तरी घाबरू नका, आणि दहाही वेगळ्या दिसल्या तर मला त्या फ्रेम आणि तुमची ग्रिप कुठल्या बेव्हलवर आहे ते पाठवा, मग पुढचं बोलू.